संगणकवाले घुमे असतात काय?

मुलगा चारचौघांत बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो, लग्नकार्यात कोपरा धरतो. परंतु गणितात बरा आहे. अशा मुलाचे पुढे काय करावे, या प्रश्नावर आपल्या मध्यमवर्गीय घरांत आता फारसा खल होत नाही. ‘त्याला संगणकाकडे घाला’ असे मामा सुचवितात आणि विषय तेथेच मिटतो. त्याची धाकटी बहीण गणितात त्याच्याहून किंचित सरस असली, तरी ती बडबडी असते. सबब तिला यंत्रापुढे बसून राहणे जमणार नाही असे ठरते आणि तिच्यासाठी शिक्षकी पेशाचे किंवा बँकेच्या परीक्षेचे अर्ज आणले जातात. संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा, म्हणजे ज्याला अलीकडे सर्रास ‘डेव्हलपर’ म्हणतात तो मनुष्य, स्वभावतः घुमा, एकलकोंडा आणि थोडाफार माणूसघाणाच असावयाचा, ही समजूत चित्रपटांनी आणि विनोदांनी इतकी रुजविली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

ही नुसती थट्टा असती तर तिच्यासाठी वर्तमानपत्राचे रकाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. वकिलांविषयी, डॉक्टरांविषयी आणि विशेषतः मास्तरांविषयी आपण काय थोडे विनोद करतो? परंतु या समजुतीच्या आधारे दोन महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात घेतले जातात. कोणत्या मुलाला या व्यवसायाकडे पाठवावयाचे, हा पहिला. तो घरात होतो. त्यांच्यापैकी कोणाला नोकरी द्यावयाची, हा दुसरा. तो मुलाखतीच्या खोलीत होतो. यातला चमत्कार असा की, पहिल्या ठिकाणी जो अबोलपणा गुण म्हणून मोजला जातो, तोच दुसऱ्या ठिकाणी दोष म्हणून वजा केला जातो. बोलत नाही म्हणून ज्याला संगणकाकडे पाठविले, तो चार वर्षांनी बोलत नाही म्हणूनच परत पाठविला जातो. ही विसंगती शहरातल्या मुलाला जाचतेच. खेड्यातून आलेल्या मुलाचे मात्र ती आयुष्य अडवून धरते.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात, साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिघोरी (मोठी) हे गाव आहे. भाताचा मुलूख, पावसाळ्यात रोवणे, दिवाळीच्या आसपास कापणी. २०२० सालच्या टाळेबंदीत पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांतून पूर्व विदर्भातल्या गावोगावी जी मुले परतली, त्यांपैकी एक या गावी आपल्या घराच्या सपरीत टेबल मांडून काम करीत असे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे. त्यामुळे तिकडची सकाळ म्हणजे इकडची सांज. दिवेलागणीपासून रात्री अकरा-साडेअकरापर्यंत कानाला यंत्र लावून तो बोलत असावयाचा. त्याच्या आईने प्रस्तुत लेखकाजवळ केलेली तक्रार अशी : “लहानपनी याच्या तोंडून शबद निंगत नव्हता, आता रातभर कोनासंग बोलत रायते, का मालूम!”

त्या माउलीच्या तक्रारीत आपल्या विषयाचे सार आले आहे. मुलगा कोडी सोडवीत बसला असेल अशी तिची कल्पना, आणि प्रत्यक्षात तो संध्याकाळभर माणसांशी बोलत होता. काय बोलत होता? एका मालगुदामाच्या हिशेबाची आज्ञावली त्याच्या गटाकडे होती. गिऱ्हाइकाने माल परत केला, पण त्याआधीच त्याला पैसे परत दिले गेले असतील तर नोंद कोठे करावयाची, हा एकच प्रश्न त्याने समोरच्याला तीन निरनिराळ्या प्रकारांनी विचारला. पहिल्या दोन वेळा मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आले होते. समोरच्या गृहस्थाच्या मात्र ते ध्यानात आले नव्हते. आपल्या कचेरीतल्या जुन्या, मुरलेल्या हेडक्लार्कने नव्या अधिकाऱ्याचा हुकूम समजून घ्यावा, तसा तो प्रकार होता : आवाज न चढविता, अधिकाऱ्याचा मान राखून, परंतु गोष्ट स्पष्ट झाल्यावाचून कागद पुढे न सरकविता.

संगणकाला सामान्य बुद्धी नसते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याला जे सांगावे तेवढेच तो करतो. म्हणून माणसामाणसांत जे गृहीत धरून चालते, ते सारे आज्ञावलीकाराला शोधून काढून शब्दांत मांडावे लागते. आणि ते त्याला यंत्र सांगत नाही. गुदामातला कारकून, दवाखान्यातली परिचारिका, तलाठी, शाळेचा मुख्याध्यापक यांच्याकडून ते काढून घ्यावे लागते. आणि ही मंडळी आपल्या कामात इतकी मुरलेली असतात की, आपण काय करतो हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही. याहून अवघड संभाषण दुसरे कोणते असेल? ते नीट झाले नाही म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या शिक्षक आणि कारकून वाचकांना पुरेपूर आहे. माहिती भरावयाच्या एखाद्या प्रपत्रात आडनाव दिल्यावाचून पुढे जाता येत नाही आणि वर्गात तर आडनाव न लावणारी दोन मुले बसलेली असतात. अशा वेळी शिक्षक आडनावाच्या चौकटीत एक टिंब देऊन मोकळा होतो. ते टिंब म्हणजे कोणी तरी कोणाला तरी एक प्रश्न विचारावयाचा राहून गेल्याची खूण होय.

कधी कधी ही खूण फार महाग पडते. १९९९ च्या सप्टेंबरात मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेने पाठविलेले यान मंगळापाशी पोहोचता पोहोचता नष्ट झाले. चौकशीत आढळले ते असे की, एका गटाची आज्ञावली रेट्याचे आकडे पौंडांच्या जुन्या मापात देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनच्या, म्हणजे मेट्रिक मापात आहेत असे धरून चालला होता. दोन्ही गटांना गणित उत्तम येत होते. त्यांचे आपसात नीट बोलणे झाले नव्हते.

या व्यवसायातल्या जाणत्यांनी ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे. आयबीएम कंपनीच्या एका अवाढव्य आज्ञावली-प्रकल्पाचे प्रमुख असलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या अनुभवावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते, हा त्यातला निष्कर्ष आता म्हणीसारखा झाला आहे. त्यामागचे अंकगणित सोपे आहे. तीन माणसे एकत्र काम करीत असतील तर बोलण्याच्या जोड्या तीन. दहा असतील तर पंचेचाळीस. आणि पन्नास असतील तर बाराशे पंचवीस. माणसे पाचपट वाढली की संभाषणाचा पसारा सत्तावीसपट वाढतो आणि काम त्यात बुडते.

त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, जेराल्ड वाइनबर्ग यांनी आज्ञावलीकारांच्या मानसशास्त्रावर लिहिताना एका विद्यापीठाच्या संगणक केंद्राची हकीकत सांगितली आहे. केंद्राच्या मोठ्या दालनात नाणे टाकून खाद्यपेये देणारी यंत्रे होती आणि त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका गप्पा मारीत उभा असे. गोंगाटाची तक्रार झाली. व्यवस्थापनाने यंत्रे हलविली. दालन शांत झाले. थोड्याच दिवसांत निराळीच तक्रार आली. अडचणी सोडविण्यासाठी नेमलेल्या सल्लागारांपुढे विद्यार्थ्यांची रांग लागू लागली होती. तपास करता असे दिसले की, त्या घोळक्यात मुले एकमेकांच्या आज्ञावल्यांतल्या चुका शोधून देत असत आणि बहुतेक अडचणी सल्लागारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उभ्या उभ्या सुटत असत. आपल्या महाविद्यालयांसमोरील चहाच्या टपऱ्या उठविण्याचा ठराव ज्यांच्या डोक्यात घोळत असेल, त्यांनी ही हकीकत अवश्य वाचावी.

मग हा घुमेपणाचा शिक्का आला कोठून? त्याचा इतिहास मनोरंजक आहे आणि काहीसा उद्वेगजनकही आहे. संगणकाच्या जन्मकाळी, म्हणजे १९४५-४६ मध्ये, अमेरिकेतल्या एनिॲक यंत्रावर गणिते चढविण्याचे काम सहा तरुण स्त्रिया करीत होत्या. यंत्र बांधणे हे पुरुषाचे काम आणि त्याला सूचना देणे हे कारकुनी काम, सबब बायकांचे, अशी तेव्हाची वाटणी होती. पुढे या ‘कारकुनी’ कामाला केवढी बुद्धी लागते हे उघड झाले. मागणी वाढली, पगार वाढले आणि पुरुषांची रांग लागली. १९६० नंतरच्या दशकात कंपन्यांना हजारो आज्ञावलीकार हवे होते आणि चांगला आज्ञावलीकार ओळखावयाचा कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून मानसशास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोघांनी १९६६ च्या सुमारास १,३७८ आज्ञावलीकारांच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांत स्त्रिया होत्या अवघ्या १८६. या लोकांना कोडी सोडविण्याची आवड असते, हा त्यांचा एक निष्कर्ष. आणि या लोकांना माणसांत रस नसतो, हा दुसरा.

यानंतर जे घडले ते आमच्या भागातल्या कोणाही शेतकऱ्याला सांगावयास नको. एका मापाच्या भोकांची चाळणी घेतली आणि तीतून सारे धान्य चाळले, तर खाली पडणारा दाणा एकाच मापाचा निघतो. कंपन्यांनी असल्या कसोट्या लावून माणसे निवडली, वीस वर्षे तशीच माणसे निवडली आणि मग आश्चर्याने म्हटले की, पाहा, या धंद्यातली माणसे कशी सारखी असतात! नेथन एन्समेंगर या इतिहासकाराने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही प्रक्रिया तपशीलवार दाखविली आहे. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण १९८४ च्या सुमारास शेकडा सदतीसपर्यंत चढले होते. पुढे ते निम्म्यावर घसरले. या घसरणीला इतरही कारणे आहेत. परंतु ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असे मुलींना वाटावयास लावणारी ही प्रतिमा त्यांपैकी एक होती, यात शंका नाही.

आणि ही प्रतिमा जर खरोखर कामाच्या स्वरूपातून उपजली असती, तर ती सर्व देशांत सारखीच आढळावयास हवी होती. तसे आढळत नाही. रोली वर्मा आणि दीपक कपूर या अभ्यासकांनी २०१५ मध्ये भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींविषयी लिहिताना असे दाखविले की, या मुलींना हा विषय पुरुषी किंवा एकलकोंड्यांचा वाटत नाही. उलट सुरक्षित, सन्मानाची आणि बौद्धिक नोकरी म्हणून त्यांचे आईवडील त्यांना तिकडे पाठवितात. भारतातील या उद्योगात काम करणाऱ्यांत आज एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आहेत. तेव्हा बडबड्या बहिणीला बँकेच्या परीक्षेला बसविणारे मामा आपली परंपरा सांगत नसून नकळत अमेरिकेतली एक जुनी कसोटी लावीत असतात.

आपल्या देशातला हा उद्योग तर बोलण्या-लिहिण्याच्या पायावरच उभा राहिला. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नरेंद्र आणि पूनम पटनी हे दांपत्य अमेरिकेत केंब्रिज येथे राहत होते. तिकडचे काम भारतात पाठवून करवून घेता येईल काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांनी आपल्याच घरातली एक खोली ‘अमेरिका’ ठरविली आणि दुसरी ‘भारत’. या खोलीतून त्या खोलीत बोलावयाचे नाही. फक्त लेखी सूचना पाठवावयाच्या आणि तेवढ्यावर काम बिनचूक होते का ते पाहावयाचे. पुढे पटनींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. यंत्र एका खंडात, गिऱ्हाईक त्याच खंडात आणि काम करणारा मनुष्य मात्र सात समुद्रांपलीकडे, अशा अवस्थेत ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे व्यवसाय केला, त्यांना संवाद साधता येत नाही असे म्हणणे धारिष्ट्याचे आहे. लेखी सूचना हाही संवादच असतो. किंबहुना समोरच्याचा चेहरा दिसत नसताना साधलेला संवाद अधिक कठीण असतो. शिक्षकांनी पत्रद्वारा अभ्यासक्रम चालवून पाहावा, म्हणजे प्रचीती येईल.

येथवर सारे सरळ आहे. गुंता होतो तो पुढे. आपल्याकडे मुलाखत घेणारे जेव्हा उमेदवाराचे ‘कम्युनिकेशन’ कमी आहे असा शेरा मारतात, तेव्हा त्यांना नेमके काय म्हणावयाचे असते? बहुतेक वेळा त्यांना इंग्रजी उच्चार म्हणावयाचे असतात. कंपन्या महाविद्यालयांत येतात. आधी लेखी परीक्षा, मग ‘ग्रुप डिस्कशन’ नावाचा प्रकार, मग मुलाखत. आठ-दहा मुलांना गोलाकार बसवून ‘समाजमाध्यमे : शाप की वरदान’ असा एखादा विषय दिला जातो आणि पंधरा मिनिटांत जो सर्वांत अधिक बोलेल, दुसऱ्याचे वाक्य तोडून आपले पुढे रेटील, तो पुढारीपणाचे गुण असलेला ठरतो. दिघोरीच्या सपरीत बसून तोच प्रश्न तीनदा विचारणाऱ्या मुलाला अशा गोलात काय गुण पडतील, याची कल्पना करता येते. नोकरीनंतर ज्या गोष्टीचे खरे काम पडते, म्हणजे दुसऱ्याचे शेवटपर्यंत ऐकणे, न समजलेले न लाजता विचारणे, झालेले बोलणे चार ओळींत लिहून काढणे, तिची परीक्षा या गोलात होतच नाही. आणि गंमत अशी की, असे गडी निवडल्यावर त्याच कंपन्या त्यांना ऐकण्याची कला शिकविण्यासाठी वर्ग चालवितात.

झाडीपट्टीच्या मुलांना हा शेरा अधिक झोंबतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत बोलली जाणारी झाडीबोली ही मराठीची एक जुनी, स्वतंत्र ठेवणीची बोली आहे, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या अभ्यासासाठी मोठे परिश्रम घेतले. तीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि ‘ळ’च्या जागी ‘र’. डोळ्याचा ‘डोरा’ होतो आणि पिवळ्याचा ‘पिवरा’. गावात असा बोलणारा मुलगा पहिलीत जातो आणि पहिल्याच दिवशी त्याचा ‘न’ दुरुस्त होतो. साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या महाविद्यालयात त्याचा ‘र’ दुरुस्त होतो. नागपुरास त्याच्या क्रियापदांना हसतात. पुण्यात त्याचे नागपुरी वळण कोणाच्या तरी कानाला खटकते आणि मराठी जेमतेम सावरली तोच इंग्रजी येऊन उभी राहते. तोंड उघडले की दुरुस्ती, हा अनुभव ज्याने पंधरा वर्षे घेतला, तो मुलाखतीत मोजके बोलेल, नाही तर काय करील? ह्या मौनाला आपण त्याचा स्वभाव म्हणतो. वस्तुतः त्यातला मोठा भाग आपणच, मी मास्तरांविषयी बोलतो आहे, वर्गावर्गांतून घडविलेला असतो.

कारण मुळात हा मुलूख अबोल मुळीच नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार आणि खडी गंमत चालते. आणि वडशाहून येणाऱ्या नाटक मंडळ्या तंबू ठोकून रात्रभर नाटके करतात. २०२३ साली या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या अनेकांनी झाडीपट्टी हे नाव प्रथमच ऐकले. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक ऐकणारा, त्यातले कोणते वाक्य पडले आणि कोणते उठले यावर दुसऱ्या दिवशी बांधावर वाद घालणारा मुलगा संवादाच्या कलेला पारखा आहे, असे कोण म्हणेल?

एड्स्गर डायक्स्ट्रा हे संगणकशास्त्रातले फार मोठे नाव. जातीचे डच आणि स्पष्टवक्तेपणाबद्दल प्रसिद्ध. १९७५ मधल्या एका छोट्या टिपणात त्यांनी चांगल्या आज्ञावलीकाराला लागणारे गुण सांगितले आहेत. गणिताकडे ओढा हवा, हे ओघानेच आले. परंतु त्यासोबत सर्वांत मोलाचे भांडवल म्हणून त्यांनी नाव घेतले ते स्वतःच्या मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्वाचे. इंग्रजीचे नव्हे. विचार ज्या भाषेत उगवतो ती भाषा गढूळ असेल तर आज्ञावलीही गढूळ निघते, असा त्यामागचा भाव. जागतिक बाजारात इंग्रजीवाचून चालत नाही, हे मला मान्य आहे आणि खेड्यातल्या मुलांनी ती शिकूच नये असे सांगणाऱ्या भाषाभिमान्यांशी माझे जमत नाही. त्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी शाळांतून शिकलेली असतात. परंतु इंग्रजी ही सहा महिन्यांत, वर्षात कामापुरती सुधारणारी गोष्ट आहे. नेमके विचारण्याची सवय पंधरा वर्षांत मोडलेली असेल, तर ती एवढ्या अवधीत परत येत नाही.

दुसरी बाजूही सांगावयास हवी. या व्यवसायात खरोखरीच अबोल, खरोखरीच माणसांत अवघडणारे लोक आहेत आणि त्यांतले काही आपल्या कामात अतिशय निष्णात असतात. कामाचा एक भाग एकांताचाच आहे. आज्ञावलीचे धागे डोक्यात धरून बसलेल्या माणसाला मध्येच कोणी हाक मारली तर सारे सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागते. पण मार्चअखेरीला ताळेबंद जुळवीत बसलेला लेखापालही हाकेला ओ देत नाही. उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक दार लोटून घेतो. त्यांना कोणी माणूसघाणे म्हणत नाही. अबोल माणसाला तसे राहण्याची मुभा असावी आणि त्याच्याशी लिहून बोलण्याची रीत असावी. बऱ्याच ठिकाणी ती असतेही. सर्वांना एकाच साच्याचे बोलके करण्याचा अट्टाहास हा सर्वांना घुमे समजण्याइतकाच खोटा आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत दिघोरीस असताना प्रस्तुत लेखकाने एक लहानसा प्रयोग करून पाहिला. बारावी झालेली, संगणकाच्या पदवीला असलेली अशी नऊ मुले-मुली जमली होती. पटनींच्या दोन खोल्यांची गोष्ट त्यांना सांगितली. मग चौघांना सपरीत बसविले आणि पाचांना मागच्या अंगणात. आधारभूत केंद्रावर धान विकावयाचे तर काय काय करावे लागते, ते सपरीवाल्यांनी मराठीत, पायरीपायरीने लिहावयाचे. अंगणातल्यांनी आपण धान कधी पाहिलेच नाही असे समजून तो कागद वाचावयाचा आणि जेथे अडेल तेथे प्रश्न लिहून परत पाठवावयाचा. हसू नये, नावे ठेवू नयेत, भाषा कोणतीही चालेल. फक्त तोंडाने बोलावयाचे नाही.

पहिला कागद दहा ओळींचा आला : सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक घेऊन नोंदणी करावी, निरोप आला की धान न्यावे, ओलावा तपासून घ्यावा, मोजून द्यावे, पैसे खात्यात येतात. लिहिणाऱ्यांना तो परिपूर्ण वाटत होता. अंगणातून तो परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर जागा उरली नव्हती. सर्वांत अधिक प्रश्न एका मुलीचे होते. ती सबंध सकाळ कोणाशी एक शब्द बोलली नव्हती आणि तिचे अक्षर बारीक, गिचमिड होते. ओलावा शेकडा सतराच्या वर निघाला तर धान परत न्यावयाचे की तेथेच वाळवावयाचे? तेथेच वाळवावयाचे तर रात्री राखण कोणी करावयाची? बारदाना संपला तर नंबर राहतो की जातो? सातबाऱ्यावर तिघा भावांची नावे आहेत आणि धान एकानेच आणले, तर पैसे कोनाच्या खात्यात जातीन? निरोप ज्या मोबाइलवर येतो तो मुलाजवळ पुन्याला असंन तर?

‘कोनाच्या’ आणि ‘पुन्याला’ तिने तसेच लिहिले होते. सपरीतल्या चौघांनी कागद दोनदा वाचला, एकमेकांकडे पाहिले आणि त्यांतला एक उठून, नियम मोडून, उत्तर विचारण्यासाठी शेजारच्या घरी आजोबांकडे गेला.